जळालेल्या घराची यादी

सत्याचें माहात्म्य आपणांस लहानपणापासून ज्या कथांतून कळतें, त्यांतला नायक राजा तरी असतो किंवा ऋषि तरी असतो. ज्याचें घर काल रात्रीं जळालें, ज्याचीं मुलें शेजाऱ्याच्या ओसरीवर निजलीं आहेत, आणि ज्याच्यापुढें विमा कंपनीचा छापील फॉर्म येऊन पडला आहे, असा गृहस्थ त्या कथांत कोठें आढळत नाहीं. तथापि सत्यासत्याचा प्रश्न जितक्या नेमकेपणानें त्या फॉर्मावर उभा राहतो, तितका तो राजवाड्यांत उभा राहत असेल असें मला वाटत नाहीं. फॉर्मावर एक रकाना असतो: काय जळालें. त्याच्या शेजारीं दुसरा: केवढ्याचें. ह्या दोन रकान्यांविषयीं मला कांहीं लिहावयाचें आहे. कारण ते एकदां माझ्या हातानें भरले गेले.

सोलापूरच्या पूर्व भागांत ज्यांचें जाणेंयेणें आहे, त्यांना तेथील कित्येक घरांची रचना सांगावयास नको. खालीं माग आणि वर संसार. १८७७ सालीं निघालेली जुनी मिल बंद पडून किती तरी वर्षें लोटलीं. लक्ष्मी-विष्णु मिलचा भोंगाही गेल्या शतकाच्या अखेरीस थांबला. परंतु विणकरांच्या घरांतला माग चालूच राहिला. अशाच एका घरांतला एक विद्यार्थी माझ्या हाताखालून पदवीधर झाला. तो दिवसा एका पेढीवर हिशेब लिहितो. घरीं खालच्या मजल्यावर दोन यंत्रमाग आहेत, ते त्याचा धाकटा भाऊ चालवितो. दोन वर्षांपूर्वीं चैत्रांतल्या एका रात्रीं शेजारच्या घराशीं सामाईक असलेल्या भिंतीवर विजेच्या तारांनीं पेट घेतला, आणि बंब येईपर्यंत दोन्ही घरांचे वरचे मजले जळाले. माणसें वांचलीं. ह्या शहरांत हें सांगतांना आवाज खालीं येतो. कारण १८ मे २०२५ रोजीं पहाटे अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतींत टॉवेलच्या एका कारखान्यास आग लागली, तेव्हां त्याच आवारांत राहणारें मालकाचें कुटुंब आणि कामगार मिळून आठ जीव गेले. जेथें घर आणि उद्योग एका छपराखालीं असतात तेथें आगीला दार निवडावें लागत नाहीं.

चार दिवसांनीं विद्यार्थी माझ्याकडे आला. फॉर्म इंग्रजींत होता हें निमित्त. खरें कारण असें कीं, कोणी तरी शांत डोक्याचा मनुष्य शेजारीं बसावा अशी त्याची इच्छा होती. आम्हीं त्याच्या मामांच्या घरीं बसून यादी करूं लागलों. काय जळालें हें आठवणें वाटतें तितकें सोपें नसतें. माणसाला आपलें घर वस्तूंच्या यादीच्या रूपानें ठाऊकच नसतें. कपाट आठवतें, पण कपाटांत काय होतें तें आठवत नाहीं. आणि तें आठवूं लागलें म्हणजे मध्येंच कोणी तरी उठून बाहेर जातें. इतक्यांत शेजारचे गृहस्थ आले, ज्यांचें घर त्याच आगींत गेलें होतें. त्यांनीं आमचा कागद पाहिला आणि म्हणाले, "सर, ही यादी अशी नसते लिहायची. जें गेलं त्याच्या दुप्पट लिहा. सर्व्हेअर निम्मं कापायलाच येतो. खरं लिहिलंत तर खऱ्याचं निम्मं हातीं येईल." ह्यांत त्यांना कांहीं लपवावयाचें आहे असें मुळींच दिसलें नाहीं, पावसांत जातांना छत्री न्यावी असें सांगावें तसें त्यांनीं सांगितलें.

विद्यार्थ्याची आई इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "मास्तर, एक जरीचं लुगडंही लिहा."

"तें कुठें होतें, आजी?"

"नव्हतंच. ह्याच्या कॉलेजच्या फीसाठीं विकलं. पण गेलं तें ह्याच घराच्या पायीं ना?"

मीं हसून तें लिहिलें नाहीं. दुप्पटही लिहूं दिलें नाहीं. यादीची बेरीज चार लक्ष बारा हजार झाली. शेजाऱ्यांची आठ लक्षांवर गेली, आणि आपलें नुकसान चार लक्षांच्या आसपास आहे हें ते स्वतःच बोलून दाखवीत. यथाकाल दोघांकडे सर्व्हेअर आले. दोघांच्या याद्या जवळजवळ निम्म्यावर आल्या. शेजाऱ्यांना त्यांचें खरें नुकसान भरून मिळालें. माझ्या विद्यार्थ्यास दोन लक्ष वीस हजार देऊं केले. म्हणजे खोटें लिहिणाऱ्यास न्याय मिळाला, आणि खरें लिहिणारा बुडाला; आणि खरें लिहिण्याचा आग्रह माझा होता.

शेजाऱ्यांच्या बाजूनें जो युक्तिवाद करतां येतो तो क्षुल्लक नाहीं. चादर घ्यावयास आपण दुकानीं जातों. दुकानदार आठशें सांगतो, आपण पांचशें म्हणतों, साडेसहाशेंवर सौदा होतो. आठशें म्हणणारा दुकानदार खोटें बोलला असें कोणी मानीत नाहीं. कारण ही बोलण्याची एक रीत आहे हें उभयतांस ठाऊक असतें, आणि जेथें कोणी फसत नाहीं तेथें असत्यही नाहीं. मग सर्व्हेअर निम्मे कापणार हें ठरलेलें असेल आणि आपण दुप्पट लिहिणार हें त्यालाही ठाऊक असेल, तर त्या दुपटीस लबाडी कां म्हणावें? ती केवळ बाजारची भाषा झाली.

हा युक्तिवाद कित्येक दिवस माझ्या मनांत घर करून होता. शेवटीं मला जो भेद दिसला तो असा: दुकानदार आठशें म्हणतो तेव्हां तो आपली इच्छा सांगतो, मला एवढे पाहिजेत, इतकाच त्याचा अर्थ. जळालेल्या वस्तूंची यादी ही इच्छा नव्हे, ती साक्ष आहे. हें होतें, आणि हें जळालें. इच्छेंत घासाघीस होऊं शकते. झालेल्या गोष्टींत ती होऊं शकत नाहीं. एक शिवणयंत्र जळालें असेल तर एक जळालें; तडजोड म्हणून दीड जळूं शकत नाहीं. दुसरें असें कीं, ही बाजारची रीत ज्याला ठाऊक नसते किंवा जो ती पाळीत नाहीं त्याच्यावर ती कशी उलटते, तें आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें. शेजाऱ्यांच्या दुपटीनें कंपनीचें कांहींच बिघडलें नाहीं. तिनें दुप्पट गृहीत धरूनच कात्री हातीं घेतली होती. ती कात्री फिरली ती भिंतीपलीकडच्या घरावर. असत्याचा बळी बहुधा ज्याला उद्देशून तें बोललें जातें तो नसतो, तिसराच कोणी असतो; आणि म्हणूनच बोलणाऱ्याला तें इतकें निरुपद्रवी वाटतें.

परंतु एवढें म्हणून थांबणें हा कंपनीचा पक्षपात होईल. न पाहतां निम्मे कापणें हीही खोटी साक्षच आहे. १९३८ च्या विमा कायद्यानें ठराविक रकमेवरच्या नुकसानीची पाहणी परवाना असलेल्या सर्व्हेअरनें करावी असें ठरविलें, तें कशाकरितां? त्यानें राख उकरून पाहावी, विझलेल्या लोखंडाकडे पाहून तें काय होतें हें ओळखावें, आणि जें दिसेल तें लिहावें एवढ्याकरितां. सर्व्हेअरचा अहवाल हा अखेरचा शब्द नव्हे असें सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं एका निकालांत स्पष्ट केलें आहे. तरी ज्याच्यापुढें तो अहवाल येतो त्या सामान्य गृहस्थास तो ब्रह्मलिखितच वाटतो. शिवाय दोघांच्या स्थितींत केवढें अंतर! एक पक्ष राखेंतून उठून आलेला. दुसरा पंख्याखालीं बसलेला, करार स्वतः लिहिलेला, त्यांतलें प्रत्येक कलम ज्याच्या वकिलानें तपासलेलें. ज्याला सत्य बोलणें स्वस्त पडतें त्याच्याकडून तें अधिक कठोरपणें मागावें, हा न्याय मला तरी उघड दिसतो.

हे करार परम विश्वासाचे करार आहेत असें विम्याच्या कायद्यांत म्हटलें जातें, आणि हें वचन बहुधा दावा नाकारणाऱ्या पत्रांतच वाचावयास मिळतें: अमुक गोष्ट तुम्हीं लपविली, सबब करार मोडला. माझ्या विद्यार्थ्यासही आरंभीं तसें पत्र आलें होतें. घर राहण्याचें म्हणून विमा उतरविला, आणि खालीं माग चालतात हें सांगितलें नाहीं! त्यानें मागांचा एक पैसाही मागितला नव्हता. फॉर्म एजंटानें भरला होता. घरांत येऊन, खालच्या मागांच्या खटखटाटांत, मोठ्यानें प्रश्न विचारून.

ह्या प्रसंगीं मला एक जुना खटला आठवला. सुमात्रा बेटावर इंग्रजांचा मार्लबरो नांवाचा किल्ला होता. तेथील गव्हर्नर कार्टर ह्यानें तो परक्या शत्रूच्या हातीं गेल्यास भरपाई मिळावी असा विमा लंडनमध्यें उतरविला, आणि १७६० सालीं फ्रेंचांनीं किल्ला घेतला. विमा घेणारा म्हणूं लागला कीं, किल्ला कमकुवत आहे हें आम्हांला सांगितलेंच नाहीं. १७६६ सालीं न्यायमूर्ति मॅन्सफील्ड ह्यांनीं जो निर्णय दिला, त्यांतून परम विश्वासाचें तत्त्व निघालें असें मानतात. परंतु त्या खटल्यांत जिंकला कोण, हें ते उद्धृत करणारे क्वचितच सांगतात. जिंकला विमा उतरविणारा. विश्वास उभयपक्षीं पाहिजे, आणि जें विमा घेणाऱ्यास ठाऊक आहे किंवा ठाऊक असावयास पाहिजे तें न सांगणें हें लपविणें नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. पूर्व भागांत घरोघर जाऊन विमा विकणाऱ्या कंपनीस तेथें माग चालतात हें ठाऊक नसणें म्हणजे पंढरपुरांत दुकान मांडून वारी कधीं येते हें ठाऊक नसणें होय. आम्हीं तसें उत्तर लिहिलें. पंढरपूर अर्थातच गाळलें. कंपनीनें तो मुद्दा सोडून दिला आणि प्रकरण किंमतीवर आणलें.

किंमतीचा वाद आणखी अवघड आहे, कारण तेथें तत्त्व खरोखरच कंपनीच्या बाजूस आहे. विमा झालेलें नुकसान भरून देतो, नफा देत नाहीं. १८८३ च्या एका इंग्रजी निकालांत ह्याचें उत्तम उदाहरण आहे. लिव्हरपूल येथील एका गृहस्थानें आपली इमारत ३,१०० पौंडांस विकण्याचा करार केला. व्यवहार पुरा होण्यापूर्वीं तिला आग लागली. कंपनीनें ३३० पौंड दिले. पुढें खरेदीदारानेंही पुरी किंमत दिली. कंपनीनें आपले ३३० परत मागितले, आणि ते तिला मिळाले. कारण त्या गृहस्थाचें शेवटीं कांहींच गेलें नव्हतें. हें न्याय्य आहे. परंतु ह्याच तत्त्वावरून जेव्हां घसारा काढतात आणि वीस वर्षांच्या सागवानी कपाटाची किंमत जुन्या बाजाराच्या भावानें लावतात, तेव्हां तत्त्व तेंच असूनही न्याय निसटलेला असतो. तें कपाट घरांत होतें तोंवर नव्यासारखेंच काम देत होतें. त्याच्या घशाऱ्याच्या पैशांत कोणी सुतार त्याचें दारही करून देणार नाहीं. आणि पावत्या! वस्तूंच्या पावत्या कोठें आहेत, असें सर्व्हेअरनें विचारलें. त्या कपाटांतच होत्या, हें उत्तर त्यानें इतक्या वेळां ऐकलें असावें कीं, तो ऐकूनही थांबला नाहीं.

आपणही अगदीं निर्मळ असतों असें नाहीं. विमा उतरवितांना हप्ता कमी बसावा म्हणून घराची किंमत कमी सांगावयाची, आणि आग लागली म्हणजे तेंच घर वाड्यासारखें वर्णावयाचें. हप्त्याच्या दिवशीं आपण गरीब असतों आणि दाव्याच्या दिवशीं श्रीमंत. जुन्या पॉलिशींत ह्यावर सरासरीचें कलम असे: वीस लक्षांचें घर दहा लक्षांना उतरविलें असेल, तर चार लक्षांच्या नुकसानीस दोनच मिळावयाचे. १ एप्रिल २०२१ पासून भारत गृह रक्षा ह्या नांवाची जी एकसारखी पॉलिसी सर्व कंपन्यांना ठेवणें भाग झालें, तिच्यांत घरांपुरतें हें कलम काढून टाकलें आहे. घरांतील सामानाला इमारतीच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत, फार तर दहा लक्षांपर्यंत, आपोआप आश्रय मिळतो. सुधारणा चांगली आहे. पण रकान्यांत काय लिहावें हा प्रश्न तिनें सुटत नाहीं.

शब्दांच्या फरकानें माणूस कसा अडतो ह्याचें मोठें उदाहरण आपल्याच प्रांतांत घडून गेलें आहे. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत फोर्ट स्टिकिन ह्या जहाजावर आग लागून दोन प्रचंड स्फोट झाले. कापूस, दारूगोळा आणि सोनें एकाच जहाजावर लादलें होतें. शेंकडों माणसें मेलीं, आग विझवितांना ६६ जवान गेले, आणि गोदीलगतच्या वस्तींतले हजारों लोक उघड्यावर पडले. पुष्कळांचे आगीचे विमे होते. परंतु ही हानि आगीची कीं स्फोटाची, हा प्रश्न उभा राहिला, कारण आगीच्या पॉलिशींत स्फोट धरलेला नसे. ज्याचें घर गेलें त्याला ह्या दोहोंत काय भेद? शेवटीं त्याच वर्षीं सरकारला वटहुकूम काढून भरपाईची जबाबदारी आपल्याकडे घ्यावी लागली. त्याच दिवशींची दुसरी गोष्ट अशी कीं, जहाजावरील सोन्याची एक वीट उडून दूरवर एका पारशी गृहस्थाच्या घरावर येऊन पडली, आणि त्यानें ती परत केली. ही गोष्ट सांगतांना लोक फार प्रसन्न होतात. मला मात्र वाटतें कीं, सोन्याची वीट परत करणें यादी खरी लिहिण्यापेक्षां सोपें असावें. वीट दुसऱ्याची आहे ह्यांत संशय नसतो. यादींत मनुष्य आपलेंच मागत असतो. फक्त तें पुरें मिळावें म्हणून अधिक मागतो.

ह्या प्रश्नास पूर्वींच्या काळीं हें रूपच नव्हतें असें कोणी म्हणेल, आणि तें बऱ्याच अंशीं खरें आहे. कौटिल्यानें आगीविषयीं जे नियम घातले त्यांत गृहस्थानें पाण्याचे घडे, शिडी, परशु घरीं तयार ठेवावीं असें आहे, आणि पेटलेलें घर विझविण्यास जो धांवत नाहीं त्यास दंड सांगितला आहे. म्हणजे त्या वेळचा विमा शेजारी हाच होता. परवांपर्यंत खेड्यांत घर जळालें म्हणजे कोणी वांसे देई, कोणी कडबा, कोणी चार पायली ज्वारी. तेथें यादी लागत नसे, कारण काय होतें आणि काय नव्हतें हें गांवाला ठाऊक असे. नसलेलें लुगडें लिहिण्याची सोयच नव्हती. त्या व्यवस्थेची मला हौस नाहीं. जो गांवाच्या मर्जींतून उतरला असेल किंवा ज्याला वस्तीच वेशीबाहेर दिली असेल, त्याला किती वांसे मिळत हें इतिहास सांगतोच. कंपनीला जात दिसत नाहीं, हा तिचा मोठा गुण. पण तिला चेहराही दिसत नाहीं. आणि जिला आपला चेहरा दिसत नाहीं तिच्यापुढें तो लाल व्हावा कशाला, असें माणसास वाटूं लागतें.

आतां माझ्या स्वतःच्या वांट्याकडे येतों. हरिश्चंद्राची कथा मी किती तरी वेळां ऐकली व सांगितली आहे. परंतु तारामतीला कोणी विचारलें होतें काय, हा प्रश्न मला ह्या प्रकरणापर्यंत सुचला नव्हता. वचन राजाचें, आणि बाजारांत उभी राहिली राणी. त्या दिवशीं मामांच्या घरीं माझें सत्य कोणाच्या पैशानें चाललें होतें? माझें घर शाबूत होतें. मी संध्याकाळीं परत जाऊन माझ्याच पलंगावर निजलों. यादी खरी लिहा हें सांगण्यास मला कांहीं पडलें नाहीं. त्या कुटुंबास मात्र एक लक्ष ब्याण्णव हजार पडले. पुढें पुष्कळ दिवसांनीं माझ्या मनांत आलें कीं, त्या तुटीचा कांहीं भाग आपण सोसावयास काय हरकत होती? तो विचार मला आधीं सुचला नाहीं हें मी येथें नमूद करतों. सुचल्यावरही मी तो कांहीं दिवस मनांतच ठेवला. आणि बोलून दाखविला तेव्हां, तो नाहींच म्हणणार हें मला ठाऊक होतें.

तरीही, पुन्हां तशी वेळ आली तर मी दुप्पट लिहा म्हणून सांगेन काय? नाहीं. वर जो इच्छेचा आणि साक्षीचा भेद सांगितला तो मला अजून खरा वाटतो. पण मी सांगेन तें निराळ्या आवाजांत सांगेन; आणि यादीबरोबरच पुढच्या लढाईचाही हिशेब मांडून देईन. खरें लिहिणाऱ्यास भांडणें प्राप्तच असतें. शेजाऱ्यांनीं भांडण्याचे श्रम दुप्पट लिहून वांचविले होते. मीं विद्यार्थ्यास सत्य तेवढें सांगितलें, आणि त्याबरोबर येणारें भांडण त्याच्यावर एकट्यावर सोडलें, ही माझी खरी चूक.

ती चूक आम्हीं उशिरां सुधारूं लागलों. प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार केली. महिना गेला, उत्तर आलें नाहीं. नंतर पुण्यास विमा लोकपालाकडे अर्ज केला. त्यास फी लागत नाहीं आणि वकीलही लागत नाहीं. आग कशानें लागली ह्यावर कंपनीनें बरेंच लिहिलें होतें. पण विमेदारानें स्वतः ती लावल्याचा आरोप नसेल तर कारणाला महत्त्व नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं म्हटलें असल्यामुळें तें फार टिकलें नाहीं. यादीवर मात्र प्रत्येक ओळीचा वाद झाला. तेथें आमची एक गोष्ट उपयोगी पडली. बंबवाल्यांचा दाखला, पंचनामा आणि भावाच्या लग्नांत घरांत काढलेलीं छायाचित्रें ह्यांच्याशीं आमची प्रत्येक वस्तु ताडून पाहिली, आणि एकही वस्तु अधिक निघाली नाहीं. आगीनंतर चौदा महिन्यांनीं आणखी एक लक्ष दहा हजार मिळाले. बेरीज तीन लक्ष तीस हजार. शेजाऱ्यांपेक्षां कमी, आणि वर्षभर उशिरां. मधल्या काळांत मामांकडून घेतलेल्या रकमेचें व्याज वेगळें.

गेल्या महिन्यांत मी त्या घरीं गेलों होतों. वरचा मजला पुन्हां उभा राहिला आहे. भिंतींना अजून गिलावा व्हावयाचा आहे. पॉलिसी नवी करावयाची म्हणून एजंट आला होता आणि फॉर्म भरावयास त्यानें लेखणी काढली होती. विद्यार्थ्यानें ती त्याच्या हातून घेतली आणि इमारतीचा वापर ह्या रकान्यांत स्वतःच्या हातानें लिहिलें: वर राहणें, खालीं दोन यंत्रमाग. एजंट म्हणाला कीं, अशानें ही घराची पॉलिसी चालणार नाहीं, दुसरी घ्यावी लागेल आणि हप्ता वाढेल. किती वाढेल तें विचारून विद्यार्थी आंत पैसे आणावयास गेला. म्हातारी माझ्याकडे पाहून म्हणाली, "मास्तर, तुमची खोड ह्याला लागली," आणि चहा ठेवावयास उठली.